केटी लागली, आता सोबतीला कोण?

निकालाचा दिवस आता पूर्वीसारखा राहिला नाही. पूर्वी विद्यापीठाचं गॅझेट कॉलेजात यायचं, शिपाई ते काचेच्या फलकात लावायचा आणि दोनशे मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून आपला सीट नंबर शोधायची. आता निकाल मोबाइलवर येतो, बहुतेक वेळा नको त्या वेळी, आणि पहिल्या अर्ध्या तासात वेबसाइट हमखास बसते. बदललेलं नाही ते एवढंच, की जिन्याच्या पायरीवर कुणी तरी एक मुलगा बसलेला असतो. तो मित्रांना "एम-वन उडाला" असं सांगतो आणि घरी फोन लागल्यावर "झालो पास" म्हणतो. तो अगदीच खोटं बोलत नसतो. विषय राहिला असला तरी पुढच्या वर्गात बसता येणार असतं. त्याला केटी लागलेली असते.

केटी म्हणजे एटीकेटी, 'अलाउड टू कीप टर्म्स'. महाराष्ट्रात कॉलेजची पायरी चढलेल्या प्रत्येकाला हा शब्द ठाऊक आहे आणि त्याचा अर्थ फारसा कुणी विचारलेला नाही. टर्म 'ठेवायची' म्हणजे काय करायचं?

याचं सगळ्यात मजेदार उत्तर गांधीजींच्या आत्मकथेत सापडतं. 1888 साली ते बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले, तेव्हा अटी दोनच होत्या. परीक्षा पास करायच्या आणि बारा टर्म भरायच्या. टर्म भरायची म्हणजे त्या टर्ममध्ये होणाऱ्या चोवीसेक मेजवान्यांपैकी निदान सहांना हजर राहायचं. जेवलंच पाहिजे असंही नाही, बसून राहिलं तरी चाले. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत आणि हा विद्यार्थी वाइनला हात लावत नसे, त्यामुळे आपल्या टेबलावर गांधी असावेत अशी इतरांची धडपड असे. थोडक्यात, टर्म म्हणजे हजेरी. विलायतेतून हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा वाटेत मेजवान्या गळल्या आणि हजेरी तेवढी उरली.

त्याच आत्मकथेत थोडं मागे गेलं, की दुसरी एक गोष्ट आहे. लंडनला जाण्याआधी त्याच वर्षी गांधीजी भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले होते. वर्गात काय चाललंय ते त्यांना कळेना. प्राध्यापक उत्तम होते, कच्चा मीच होतो, अशी कबुली त्यांनी दिली आहे. पहिली टर्म संपली आणि ते घरी परतले. पुढची गोष्ट जगाला माहीत आहे, पण ती क्षणभर बाजूला ठेवून पाहिलं तर हा एक साधा गळतीचा किस्सा आहे. पहिलं सत्र, अनोळखी गाव, न झेपणारं इंग्रजी, आणि पदवीच्या निकालपत्रात नाव येण्याआधीच उचललेला बाडबिस्तरा. अशा मुलाला केटी लागत नाही, कारण केटी लागायला आधी विद्यापीठाच्या परीक्षेला बसावं लागतं.

आपल्याकडच्या नियमांची गोम इथेच आहे. एटीकेटी ही परवानगी आहे. तुझे दोन विषय राहिले, हरकत नाही, पुढे चल, एवढं ती म्हणते. ते विषय का राहिले आणि आता कसे निघणार, हे बघणं तिच्या कामात बसत नाही.

नियमाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एका पेपरपायी पोराचं अख्खं वर्ष जाऊ नये, ही त्यामागची भावना दयाळूपणाचीच आहे. विषयांची किंवा क्रेडिटची मर्यादा विद्यापीठागणिक बदलते, पण इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांत साचा साधारण एकच असतो. पहिल्या वर्षाचे ठरावीक विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षात जाता येतं. तिसऱ्या वर्षात जायचं असेल, तर मात्र पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं हवं. त्यामुळे पहिल्या सत्रातलं गणित, म्हणजे एम-वन, दुसरं वर्षभर पडवीत गप्प बसून राहतं आणि तिसऱ्याच्या उंबरठ्यावर आडवं येतं. तोवर मुलगा एम-थ्रीलाही बसलेला असतो. ज्याला एम-वनमधलं डिफरन्सिएशन जमलेलं नाही, त्याला एम-थ्रीतला लाप्लास कुठून जमणार? मग वायडी होतं, म्हणजे इयर डाउन, वर्ष गेलं. दर एक-दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या दारात 'कॅरी ऑन द्या', म्हणजे विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू द्या, म्हणून विद्यार्थी बसलेले दिसतात. कधी त्यांचं ऐकलं जातं, कधी जात नाही. ऐकलं गेलं तरी अडलेला विषय एक वर्ष पुढे ढकलला जातो, इतकंच.

गंमत अशी, की इशारा कधीच मिळालेला असतो. सत्र सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की कॉलेजच्या फलकावर डिफॉल्टर लिस्ट लागते. 75 टक्क्यांखाली हजेरी असलेल्यांची नावं. युनिट टेस्टच्या आधी, इंटर्नलचे मार्क भरण्याच्या आधी, कोण सुटत चाललंय हे सांगणारा कॉलेजच्या हातातला हा सगळ्यात पहिला कागद. त्याचं पुढे काय होतं? मुलाला ऑफिसात बोलावतात. पालकांना घेऊन ये म्हणतात. अंडरटेकिंग लिहून घेतात, फार तर दोन असाइनमेंट वाढवून देतात. एवढं झालं, की नाव यादीतून निघालं. "तू येत का नाहीस?" हा प्रश्न विचारला जातो, पण ज्या सुरात विचारला जातो, त्याला उत्तर देण्याची कुणाची टाप नसते.

उत्तर ऐकलंच, तर ते काय असतं? मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावाहून पुण्यात आलेल्या मुलीची पहिली दोन वर्षं डोळ्यांसमोर आणावीत. अशा मुली कुठल्याही वर्गात चार-सहा तरी सापडतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिला त्वरण माहीत आहे, संवेग माहीत आहे, वर्गसमीकरण ती झोपेतही सोडवेल. अकरावीला अॅक्सिलरेशन आणि मोमेंटम आले आणि ओळखीची माणसं एकाएकी परकी भाषा बोलायला लागावीत तसं झालं. तरी क्लासने तारलं. अकरावी-बारावी कॉलेज नावापुरतं, खरी शाळा क्लासची आणि तयारी सीईटीची. एमएचटी-सीईटीत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो आणि चुकलं तरी मार्क कापले जात नाहीत. त्या खेळात ती तरबेज झाली. मग प्रवेशाच्या फेऱ्या. शेवटच्या फेरीत हवी ती शाखा मिळाली तोवर कॉलेज सुरू होऊन आठवडे उलटले होते. आल्या आल्या समोर कोरा कागद आणि सात मार्कांचं डेरिव्हेशन. पायऱ्या लिहून, कारणं देऊन. पर्याय एकही नाही. शेजारी बसलेली मुलगी शहरातली, तिचं दोन युनिटचं लिहून झालेलं. शंका विचारायची तर इंग्रजीत वाक्य जुळवावं लागतं, आणि वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. पहिल्या टेस्टला तीसपैकी सहा. त्यानंतर ती त्या तासाला जायचं टाळते. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येतं ते इथे.

हिची बुद्धी कुठे कमी आहे? ती आळशी आहे का? घरचे पाठीशी नाहीत का? अशा मुलांबद्दल स्टाफरूममध्ये ज्या चार गोष्टी बोलल्या जातात, अगदी त्याच चार गोष्टी पन्नासेक वर्षांपूर्वी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतही बोलल्या जात होत्या. तिथे युरी ट्राइझमन नावाचा गणिताचा एक तरुण शिक्षक होता. पहिल्या वर्षाच्या कॅलक्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने अडकत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी सहज पार होत. असं का होतं, म्हणून त्याने सहकारी प्राध्यापकांना विचारलं. उत्तरं ठरलेली आली. त्यांना जिद्द नाही. त्यांचा पाया कच्चा. घरून पाठिंबा नाही. परिस्थिती गरीब.

ट्राइझमनने एक विलक्षण गोष्ट केली. दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि पुढचं दीड वर्ष तो त्यांच्या मागे मागे फिरला. ते अभ्यास कुठे करतात, कधी करतात, अडलं की काय करतात हे त्याने पाहिलं. प्राध्यापकांची चारही कारणं गळून पडली. ही कृष्णवर्णीय मुलं आपापल्या शाळेतली हुशार मुलं होती. आईवडलांनी त्यांच्या शिक्षणासाठी हाडाची काडं केली होती. अभ्यासही ती मन लावून करत. एका तासाच्या शिकवणीमागे दोन तास अभ्यास करा, असं प्राध्यापक सांगत, आणि ही मुलं आठवड्याच्या चार तासांमागे प्रामाणिकपणे आठ तास बसत. दार लावून, एकटी.

चिनी मुलं चौदा तास अभ्यास करत. त्यातले आठ-दहा तास एकट्याने आणि उरलेले संध्याकाळी, जेवणखाण करत, घोळक्याने. एकमेकांची उत्तरं तपासायची, जुने पेपर सोडवायचे, कुणाला गणित येईना तर दुसऱ्याने दाखवायचं. यातून त्यांना जी गोष्ट समजायची, ती एकट्या मुलाला कधीच समजत नाही. एखादं गणित आपल्या एकट्यालाच आलं नाही, तर चूक आपली. कुणालाच आलं नाही, तर गणितच अवघड आहे. बंद खोलीत बसलेला मुलगा मात्र प्रत्येक वेळी एकाच निष्कर्षाला येतो, की आपल्यालाच काही जमत नाही.

यावर ट्राइझमनने 1970च्या दशकाच्या अखेरीस कार्यशाळा सुरू केल्या. त्यातली खरी हुशारी पुढे आहे. त्याने त्यांना 'कच्च्यांचा वर्ग' म्हटलं नाही. वर्गात पहिला येत बर्कलेपर्यंत पोचलेला मुलगा कच्च्यांच्या वर्गात पाऊल टाकणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून आमंत्रण गेलं ते हुशारांच्या विशेष उपक्रमाचं, आणि तिथे दिली जाणारी गणितंही नेहमीपेक्षा सोपी नव्हती, अवघड होती. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून ती सोडवायची, आणि शिक्षकाने येरझारा घालत फार थोडं बोलायचं. कार्यशाळेत आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे कॅलक्युलसचे ग्रेड न आलेल्यांपेक्षा कितीतरी वर गेले. पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी हा नमुना उचलला.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचं तसं कारण नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली काढलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका चुलीवरचं खात, एका कंदिलाखाली बसत. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी 1955 साली विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, ती खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्याजेवण्यासाठीच. नुसत्या फीमाफीने मूल शिकत नाही, त्याला शिकणाऱ्यांच्या घोळक्यात बसायला जागा लागते, हे या मंडळींना पाहणी न करताच उमगलं होतं. आज कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं भरून, कितीतरी मुलं एकेका पेठेत राहतात. एका खोलीत चौघं, चौघांची कॉलेजं चार, आणि चौघांच्या कानात इअरफोन. पैसा खर्च होतो, घोळका मात्र तयार होत नाही.

घोळक्याचं काम यंत्राकडून होईल का? अमेरिकेतच अटलांटा शहरातल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. 2003 साली तिथे सहा वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणारे शंभरात जेमतेम 32 होते. विद्यापीठाने मागच्या दहा वर्षांतले सुमारे 25 लाख ग्रेड चाळले आणि कुठला मुलगा कुठे घसरला याच्या खुणा शोधल्या. हाती आलेल्या काही गोष्टी चमत्कारिक होत्या. राज्यशास्त्र घेतलेल्याला त्या विषयाच्या पहिल्याच पेपरात ए किंवा बी मिळालं, तर चारातले तीन जण पदवीपर्यंत पोचत. सी मिळालं, तर चारातला एक. सी म्हणजे पास. नियमाच्या दृष्टीने या मुलाचं काहीही बिघडलेलं नाही, तो पुढच्या वर्गात जातो आणि पुढचे पेपर आणखी अवघड असतात. नर्सिंगच्या मुलींच्या बाबतीत तर नर्सिंगच्या पेपरपेक्षा पहिल्या वर्षाच्या गणितावरून त्यांचं भविष्य अधिक नेमकं दिसत होतं.

2012 साली तिथे रोजची चाळणी सुरू झाली. जवळजवळ 800 प्रकारच्या खुणांपैकी एखादी दिसली, की सल्लागाराच्या पडद्यावर इशारा येतो आणि तो विद्यार्थ्याला बोलावून घेतो. याची बातमी झाली ती संगणकाची. पण त्याच वर्षी विद्यापीठाने 42 नवे सल्लागार नेमले होते, ही गोष्ट बातम्यांच्या शेपटाला राहिली. संगणक घंटा वाजवतो, दार कुणीतरी माणसानेच उघडावं लागतं. दुसरी गोष्ट पैशाची. अगदी थोडी फी बाकी आहे म्हणून दर सत्राला शेकड्यांनी मुलांची नावं कापली जात होती, आणि त्यांतली कित्येक शेवटच्या वर्षाची होती. 2011 पासून विद्यापीठ अशांची बाकी स्वतःहून भरायला लागलं. रक्कम सरासरी नऊशे डॉलर. 2014 पर्यंत पदवी घेणारे शंभरात 54 झाले, आणि गोऱ्या-काळ्या विद्यार्थ्यांमधलं अंतर जवळजवळ मिटलं. ज्या कॉलेजात फी बाकी म्हणून हॉल तिकीट अडकवून ठेवलं जातं आणि शिष्यवृत्तीचा हप्ता परीक्षेनंतर जमा होतो, तिथल्या प्राचार्यांनी हा नऊशे डॉलरचा हिशेब जरूर पाहावा.

पण कोण बुडतंय हे आधी कळणं म्हणजे त्याला वाचवणं नव्हे. अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यातल्या माउंट सेंट मेरीज या छोट्या विद्यापीठाची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. तिथे गुंतवणुकीच्या धंद्यातून आलेले सायमन न्यूमन अध्यक्ष झाले. नव्या मुलांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची, त्यातून डळमळीत वाटणारी वीस-पंचवीस मुलं हेरायची आणि सरकारी मोजणीच्या तारखेआधी त्यांना घरी पाठवायचं, म्हणजे टिकून राहणाऱ्यांची टक्केवारी आपोआप सुधारते, अशी त्यांची योजना. कुरकुर करणाऱ्या प्राध्यापकाला ते म्हणाले, की तुम्ही या मुलांना गोंडस सशाची पिल्लं समजता, पण ती पिल्लं बुडवावी लागतात. जानेवारी 2016 मध्ये विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने हे छापलं. त्या पत्राच्या मार्गदर्शक प्राध्यापकाला काढण्यात आलं, देशभर ओरड झाली, प्राध्यापकाला परत घ्यावं लागलं आणि फेब्रुवारीच्या अखेरीस न्यूमन यांनी राजीनामा दिला. यादी इथेही डळमळीत मुलांचीच होती. हेतू तेवढा बदलला होता.

एक अख्खा देश या दोन हेतूंच्या मधून कसा सरकला, ते ऑस्ट्रेलियात दिसतं. मराठी घरांना त्यात रस असायला हवा, कारण मेलबर्न-सिडनीच्या विमानात बसणारी मुलं आता नाशिक-सांगलीचीही असतात. 2022 पासून तिथे कायदा असा झाला, की नव्याने पदवीला आलेल्या विद्यार्थ्याने आठ किंवा जास्त पेपर घेतले आणि निम्म्याहून अधिकांत तो नापास झाला, तर सरकार त्याच्या फीतला आपला वाटा उचलणं थांबवणार. झेपत नसताना कर्ज वाढवत नेऊ नये, हा त्यामागचा युक्तिवाद. वर्ष-दीड वर्षात 27 विद्यापीठांतले 13 हजारांहून अधिक विद्यार्थी या नियमाखाली सापडले, आणि त्यांत गरीब घरांतल्यांचा भरणा जास्त होता. जुलै 2023 मध्ये तिथल्या उच्चशिक्षणाचा आढावा घेणाऱ्या समितीने हा नियम काढून टाका म्हणून सांगितलं. शिक्षणमंत्री जेसन क्लेअर यांनी तो काढला, आणि बोजा विद्यार्थ्याच्या डोक्यावरून उचलून विद्यापीठाच्या डोक्यावर ठेवला. जानेवारी 2024 पासून प्रत्येक विद्यापीठाला लेखी मदतधोरण ठेवावं लागतं. अडचणीत येऊ शकणारा विद्यार्थी कसा ओळखणार आणि त्याच्यासाठी काय करणार, ते त्यात लिहायचं. पाळलं नाही, तर दंड विद्यापीठाला.

तिथला आणखी एक शब्द शिकण्यासारखा आहे, 'सेन्सस डेट'. सत्राचा निदान पाचवा हिस्सा उलटल्यानंतर येणारी ही तारीख. तिच्या आत विषय सोडला, तर फी लागत नाही आणि नापासाचा शेराही लागत नाही. म्हणजे मुलाला पाण्याची खोली अजमावायला चार आठवडे मिळतात. परदेशातून गेलेल्यांची गोष्ट अर्थातच कडक आहे. अभ्यासात प्रगती नाही असं विद्यापीठाने सरकारला कळवलं, तर व्हिसा धोक्यात येतो. पण कळवण्याआधी मदतीचा प्रयत्न करणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. तसा इरादा असल्याचं विद्यार्थ्याला लेखी सांगावं लागतं आणि दाद मागायला 20 कामाचे दिवस द्यावे लागतात. मुलं अनेकदा ही पत्रं लाजेने उघडतही नाहीत.

लाजेची गोष्ट निघाली, तर आपल्याकडच्या एका शब्दाबद्दल बोललंच पाहिजे. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यमापनासाठी कॉलेजं 'स्लो लर्नर' आणि 'अॅडव्हान्स्ड लर्नर' अशा याद्या करतात. स्लो लर्नरसाठी रेमेडियलचे तास लावायचे, त्यांची हजेरी, त्यांचे फोटो, त्यांचा अहवाल. प्रत्येक वीस-पंचवीस मुलांमागे एक मेंटॉर, आणि मेंटॉर-मेंटीची वही. व्यवस्था कागदावर ऑस्ट्रेलियाच्या तोंडात मारेल अशी आहे. पण कुठल्याही विद्यार्थ्याला त्याच्या मेंटॉरचं नाव विचारून बघावं. बऱ्याचदा त्याला ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक असेल, तर नॅकची कमिटी यायच्या आठवड्यात झालेली एखादी भेट आठवते. शिवाय ज्या तासाचं नावच 'मंदांचा तास', तिथे आपण होऊन कोण जाऊन बसेल? ट्राइझमनने जी चूक टाळली, ती आपण फॉर्ममध्ये छापून घेतली आहे. यात प्राध्यापकांचा दोष म्हणावा, तर पुष्कळ जागा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी भरून निघतात. तासाला पैसे मिळणाऱ्या माणसाने तास संपल्यावर मुलाला चहाला नेऊन त्याची चौकशी करावी, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

देशातल्या सगळ्यात हुशार म्हणवणाऱ्या संस्थांतही हे सुटलेलं नाही. 2015 साली आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षाच्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना एकदम काढून टाकलं. कारण सीजीपीए पाचाच्या खाली. त्यातले बहुसंख्य राखीव प्रवर्गातले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे दिलासा मिळाला नाही, आणि मग संस्थेनेच त्यांना आणखी एक संधी देऊन परत घेतलं. पाचची रेघ चुकीची होती की बरोबर, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. पण पहिल्या सत्राचा निकाल डिसेंबरात लागला होता, मुलांना बाहेर काढलं ते जूननंतर, आणि मधल्या सहा महिन्यांत त्यांच्याबरोबर कोण बसलं होतं, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने आता आणखी एक वाट काढली आहे. एक वर्ष करून बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, आणि कमावलेले क्रेडिट 2021 साली सुरू झालेल्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. परत येऊन पुढचं पूर्ण करता येतं. ज्याच्या घरी बापाचं आजारपण निघालं, जिला लग्नामुळे गाव बदलावं लागलं, त्यांच्यासाठी ही सोय खरोखर मोलाची आहे. धास्ती एवढीच वाटते, की ज्याला नुसता हात हवा होता, त्यालाही सर्टिफिकेट देऊन दार दाखवणं आता फार सोपं होईल, आणि त्याला गळती असंही म्हटलं जाणार नाही.

काही कॉलेजांत, गाजावाजा न होता, चांगलंही घडतं. शेवटच्या वर्षाची मुलं रविवारी पहिल्या वर्षाच्या मुलांचं एम-वन घेतात, ते मराठीत समजावून सांगतात आणि उत्तर इंग्रजीत लिहायला लावतात. वसतिगृहाच्या मेसमध्ये ताटं उचलली गेल्यावर टेबलं पुसून तिथेच वह्या उघडतात. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने 2021 साली मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू केला, तेव्हा भाषेचा अडसर निदान मान्य तरी झाला. 'कमवा आणि शिका' योजनेत सकाळी विद्यापीठाच्या बागेला पाणी घालणारी मुलं एकमेकांना ओळखतात, नोट्स देतात-घेतात. योजना रोजगाराची आहे. तिथे मिळणाऱ्या ओळखीपाळखीचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही.

ज्या घरातून या वर्षी मूल कॉलेजला गेलं आहे, त्यांनी निकालाची वाट पाहू नये. पहिली युनिट टेस्ट झाली, की त्या आठवड्यात एकदा शांतपणे फोन करावा. मार्क विचारू नयेत, ते मुलं हवे तसे सांगतात. मेंटॉरचं नाव काय आणि अभ्यासाला तू कुणाबरोबर बसतोस, एवढे दोन प्रश्न विचारावेत. दोन्हींचं उत्तर आलं नाही, तर दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत थांबू नका. एसटी पकडा आणि जाऊन या.